नऊ नंबरची काच

“इथं काच कशाला? इथं तर भेगच नाही.”

ऑर्गनच्या सज्जात मी गुडघे टेकून बसलो होतो आणि उत्तरेच्या भिंतीवर प्लॅस्टरचे दोन गोळे थापत होतो. प्रश्न पाठीमागून आला. मी वळलो नाही. प्लॅस्टर चार-पाच मिनिटांत आवळते. तेवढ्या अवधीत काचेची पट्टी दोन्ही गोळ्यांत रुतवून सरळ बसवावी लागते.

“भेग नाही म्हणूनच,” मी म्हणालो.

“म्हणजे?”

“छतातल्या आठ काचा भेगांवर आहेत. भेग केसभर रुंदावली तरी काच तडकते. ती ताणली जात नाही, वाकत नाही, सरळ मोडते. ही नववी मुद्दाम धड भिंतीवर लावतो आहे. इमारत हलल्यानं ही मोडूच शकत नाही.”

“जी मोडूच शकत नाही, ती लावायची कशाला?”

पट्टी बसली. मी प्लॅस्टरवर तारीख आणि आद्याक्षरे कोरली, ८ जानेवारी १९६८, य. ख., आणि मग वळलो. चोवीस-पंचवीस वर्षांची एक बाई उभी होती. अंगावर निळ्या काठाची सुती साडी, काखेत स्वरलिपीची जाड वही, तर्जनीत किल्ल्यांचा जुडगा.

“ही मोडली, तर समजायचं की माणसाचा हात लागला,” मी म्हणालो. “आणि माणसाचा हात एका काचेला लागला असेल, तर उरलेल्या आठांवर विश्वास ठेवता येत नाही. सगळ्या नोंदी रद्द. तीन महिने पुन्हा पहिल्यापासून.”

“म्हणजे भिंतींवर आठ पहारेकरी आणि माणसांवर एक,” ती म्हणाली. “सरकारचा हिशोब पहिल्यांदाच आमच्या बाजूनं दिसतोय.”

ती रिबका ओहोळ. मिशनच्या मुलींच्या शाळेत शिकवीत असे आणि रविवारी कॅथेड्रलमध्ये ऑर्गन वाजवीत असे. तिचे वडील शांतवन ओहोळ त्याच कॅथेड्रलचे वर्जर होते. दारे उघडणे, मेणबत्त्या लावणे, घंटा वाजवणे, झाडलोट पाहणे, उपासनेच्या वेळी पाळकांपुढे दंड घेऊन चालणे, हे सर्व त्यांच्याकडे.

सावरगडच्या छावणीतली ती इमारत मी त्यापूर्वी फक्त लांबून पाहिली होती. काळ्या दगडाच्या भिंती, टोकदार कमानी, आणि भिंतींच्या बाहेर ओळीने उभे असलेले जाड खांब. त्या प्रत्येक खांबापासून भिंतीच्या माथ्यापर्यंत हवेतून एकेक अर्धी कमान टाकलेली होती. ११ डिसेंबरच्या पहाटे कोयनेचा धक्का आमच्या भागालाही जाणवला आणि मुख्य दालनाच्या दगडी छतात, पंचावन्न फुटांवर, आठ ठिकाणी भेगा दिसल्या. कलेक्टरांनी दाराला कुलूप लावले. पाहणीचे काम आमच्या बांधकाम खात्याकडे आले आणि खात्याने ते माझ्याकडे दिले. मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतो. तंत्रनिकेतनाची पदविका घेऊन ओव्हरसियर म्हणून लागलो, त्याला पाच वर्षे झाली होती.

माझे वरिष्ठ मेढेकरसाहेब यांनी मला टेबलापुढे उभे करून काम समजावले.

“खरवंडीकर, सोपं आहे. आठही काचा तीन महिने धड राहिल्या, तर भेगा जुन्या नि मेलेल्या. चुना भरा, दार उघडा. एक जरी मोडली, तर छत जिवंत आहे. मग ते उतरवायचं आणि वर पत्रे टाकायचे.”

“पत्रे, साहेब?”

“मग काय, तुम्ही घडवणार आहात तसले दगड?”

“आणि नववी, नियंत्रणाची काच?”

“ती मोडली नि कारण सापडलं नाही, तर सगळं शून्य. तुमच्याच धक्क्यानं मोडली तर तसं लिहा, मी तुम्हाला मेमो देईन, आणि काम पुढे चालू. पण लिहायचं खरं. वहीत खोटं आलं की इंजिनियर संपला.”

तेरा आठवडे, दर सोमवारी आणि गुरुवारी एक पाहणी. शेवटची ८ एप्रिलला. त्या वर्षी ईस्टर १४ एप्रिलला होता.

ईस्टरचे महत्त्व मला ओहोळबाबांनी सांगितले. कॅथेड्रलच्या आवारात, दक्षिणेच्या भिंतीला लागून त्यांचे दोन खोल्यांचे घर होते. पाहणी आटोपली की ते मला हाक मारीत.

“या ओव्हरसियरसाहेब. आमचा पेशंट कसा आहे?”

“जैसे थे.”

“जैसे थे म्हंजे बरा का वाईट?”

“जैसे थे म्हणजे जैसे थे, बाबा.”

“डागदर बी असंच बोलतात. बसा. चहा चालतो ना आमच्याकडचा?”

“रोज घेतो की.”

“रोज विचारावं लागतं. माणसाचं मन फिरतं. चहाला जात नसती, पिणाऱ्याला असती.”

आतून रिबका म्हणे, “बाबा, त्यांना पिऊ द्या. थंड झाला की ते तापमान लिहून घेतील.”

ओहोळबाबांचे आजोबा अठराशे शहात्तरच्या दुष्काळात तिथे आले होते. कॅथेड्रलचा पाया आधीच भरला होता. भिंती चढत होत्या. गावात दाणा नव्हता आणि इथे दगड वाहणाऱ्याला ज्वारी मिळत होती.

“लोक अजून आम्हाला ‘दुष्काळी’ म्हणतात,” ते म्हणाले. “म्हणू द्या. ज्वारी चांगली व्हती.”

त्यांनी मला एकेका खांबावरच्या पाथरवटांच्या खुणा दाखवल्या. कुणाचा दगड ते ओळखू यावे म्हणून प्रत्येकाने आपली खूण कोरलेली होती. नांगर, मासा, त्रिशूळ, पाऊल. त्रिशुळाचे दगड सर्वांत जास्त होते.

“महादेवाच्या माणसानं येशूचं छत धरलंय,” ओहोळबाबा म्हणाले. “तुमच्या वहीत हे बी लिहा.”

“वहीत फक्त भेगा लिहायच्या असतात.”

“मग वही अपुरी आहे तुमची.”

ईस्टरविषयी बोलताना मात्र ते थट्टा करीत नसत. त्या दिवशी पहाटे मंडळी कबरस्तानात जमते. तिथून मेणबत्त्या घेऊन गात गात कॅथेड्रलपाशी येते. पश्चिमेचा मोठा दरवाजा आतून बंद असतो आणि आत एकटा वर्जर असतो. पाळक बाहेरून तीन वेळा ठोठावतात. तिसऱ्या ठोक्याला वर्जर अडसर काढतो.

“आतमधी काळोख, साहेब. बाहेर गाणं येतंय, जवळ जवळ येतंय. मी अडसरावर हात ठेवून उभा. पहिला ठोका. उघडायचं नाही. दुसरा ठोका. उघडायचं नाही. हिची आई गेली त्या साली दुसऱ्याच ठोक्याला अडसर निम्मा सरकवला व्हता मी. पण थांबलो. चाळीस वेळा उघडलाय तो दरवाजा. यंदाचा एकेचाळिसावा, अन् मेअखेर मी रिटायर.” त्यांनी बशी खाली ठेवली. “तेवढा एक ईस्टर मिळू द्या. मग पत्रे घाला नाही तर कौलं.”

“ते माझ्या हातात नाही, बाबा. काचांच्या हातात आहे.”

“काचांना हात नसतात,” रिबका म्हणाली.

मी पाहणी करीत असताना ती ऑर्गन वाजवी. पायाने भाता हलवायचा तो जुना ऑर्गन बंद राहिला की भात्याचे चामडे उंदीर खातात, म्हणून रोज अर्धा तास वाजवण्याची परवानगी पाळकसाहेबांनी कलेक्टरांकडून काढली होती. सज्जाचा भाग धड होता. त्याच्या किल्ल्या तिघांकडे होत्या: ती, तिचे वडील आणि मी. पहिल्या आठवड्यात मी तिला खालचे जाड सूर टाळण्याची विनंती केली. कंपनाने काचेवर परिणाम होण्याची शक्यता नगण्य होती, पण शून्य नव्हती. तीन आठवडे ती फक्त उजव्या हाताने वाजवीत राहिली. चौथ्या आठवड्यात मी म्हणालो, “डावा हात चालेल.”

“तपासून पाहिलंत?”

“हो.”

“काय तपासलंत?”

मी काहीही तपासले नव्हते. मला फक्त डावा हात ऐकायचा होता. मी म्हणालो, “गणित करून पाहिलं.”

फेब्रुवारीत तिने मला मूळ नकाशे दाखवले. पाळकांच्या खोलीतल्या पत्र्याच्या नळकांड्यात ते गुंडाळून ठेवलेले होते. आम्ही ते लांब मेजावर पसरून चारही कोपऱ्यांवर प्रार्थनेची पुस्तके ठेवली. कापडावर चिकटवलेला जाड कागद, करड्या शाईच्या केसासारख्या रेघा. मी आयुष्यात पुढे हजारो नकाशे पाहिले, त्या हाताचा दुसरा पाहिला नाही.

“हे छप्पर एवढं उतरतं कशासाठी?” तिने विचारले.

“बर्फ घसरून पडावं म्हणून.”

“सावरगडला?”

“नकाशा बोटीनं आला. काढणाऱ्यानं सावरगड पाहिलं नसावं.”

नकाशात पश्चिमेच्या अंगाला एकशे ऐंशी फुटांचा सुळका होता. प्रत्यक्षात मनोरा चौऱ्याहत्तर फुटांवर सपाट थांबलेला होता. दुष्काळानंतर काम पुढे गेलेच नाही. रिबकाने बोट त्या सुळक्याच्या टोकापर्यंत नेले.

“लहानपणी मला वाटायचं, सगळीच चर्चं अशी असतात,” ती म्हणाली. “वर जायचं राहून गेलेली.”

तिचे बोट कागदावर होते तोवर मी उंचीचे आकडे वाचत होतो.

“आणि हे छत?” तिने विचारले. “पंचावन्न फुटांवर एवढा दगड. तो पडत कसा नाही?”

हे मला सांगता येण्यासारखे होते. “पडतोच. कमानीतला प्रत्येक दगड सतत खाली यायला निघालेला असतो. पण शेजारचाही निघालेला असतो. दोघं एकमेकांच्या वाटेत येतात आणि दोघंही राहतात.”

“म्हणजे भांडणावर उभं आहे.”

“तसं म्हणा. पण ते भांडण भिंतींना बाहेर ढकलतं. म्हणून बाहेरून त्या अर्ध्या कमानी. पडणाऱ्याला बाहेरून दिलेला हात.”

ती नकाशाकडे बघत राहिली. मग तिने एकदम विचारले, “मी तुमच्या घरी आले, तर तुमच्या आईंना चालेल?”

“चहा देईल,” मी म्हणालो. “पण पेला वेगळा काढील.”

मला वाटले ती रागावेल. ती हसली. “निदान खरं तरी बोलता. गोड बोलणारे पुष्कळ भेटतात.” आणि नकाशा गुंडाळता गुंडाळता म्हणाली, “ईस्टरनंतर आमच्याकडे पाहुणे यायचे आहेत. नागपूरचे. मुलगा मिशनच्या दवाखान्यात आहे, औषधं देतो.”

“चांगलं आहे.”

“हो. सगळे तेच म्हणतात.”

मार्च तसाच गेला. पाहणी वीस, पाहणी एकवीस. आठही काचा अखंड. मला आनंद होत होता आणि तो पूर्ण होत नव्हता, एवढे मी स्वतःशी कबूल केले होते. संध्याकाळी सरकारी विश्रामगृहाच्या ओट्यावर बसून मी उरलेल्या फेऱ्या मोजीत असे. पाच. चार. सोमवारची आणि गुरुवारची मी वाट पाहतो आणि इतर पाच दिवस वारांसारखे वाटत नाहीत, हे माझ्या ध्यानात आले होते. पण माझ्या घरची रीत मला ठाऊक होती. ओहोळबाबांच्या घरी बसून त्यांचा चहा घेणे ही एक गोष्ट होती, आणि त्यापुढची दुसरी. त्या दुसऱ्या गोष्टीसाठी मला धैर्य हवे होते, आणि धैर्यासाठी वेळ. वेळ दोन फेऱ्यांचा उरला होता.

गुरुवार, ४ एप्रिल. पंचविसावी पाहणी. छतातल्या आठ काचा मी मोठ्या शिडीवरून एकेक करून पाहिल्या. अखंड. मग गोल दगडी जिन्याने सज्जात गेलो. रिबका ऑर्गनपाशी होती, पण वाजवीत नव्हती.

नऊ नंबरची काच मोडलेली होती.

मध्यभागी, सरळ. दोन्ही अर्धे आपापल्या प्लॅस्टरमध्ये घट्ट होते. भिंतीवर ओरखडा नव्हता. खाली फरशीवर काचेचा एक कणही नव्हता.

“वर कुणी आलं होतं?” मी विचारले.

“मी येते. रोज.”

“आणखी कुणी?”

“पारवे येतात.” तिने वरच्या फुटक्या खिडकीकडे पाहिले. मग माझ्याकडे पाहिले. “आता काय करणार?”

“नियम आहे.”

“ठाऊक आहे मला नियम. तुम्हीच सांगितला होता. तीन महिने पुन्हा.”

“आणि ईस्टर?”

ती हाताखालच्या पट्ट्यांवरून बोटे फिरवीत राहिली. भात्यात हवा नव्हती, आवाज झाला नाही.

मी खाली आलो तेव्हा ओहोळबाबा मोठ्या दरवाजाच्या बिजागऱ्यांना तेल घालत होते. “एकच फेरी राहिली ना आता, साहेब?” त्यांनी विचारले. मी मान हलवली.

त्या संध्याकाळी विश्रामगृहाच्या ओट्यावर वही उघडून मी दोन तास बसलो. वस्तुस्थिती स्पष्ट होती. पारव्याने मोडलेल्या काचेवर चोचीच्या खुणा असतात, तुकडे पडतात. ही तशी मोडलेली नव्हती. कारण अज्ञात असे लिहिले की नोंदी रद्द. नव्या काचा, नवी तारीख, जुलैपर्यंत मुक्काम. दरवाजा बंद राहणार आणि ओहोळबाबा मेअखेर बंद दरवाजाच्या किल्ल्या दुसऱ्याच्या हातात देणार.

आणि मला तीन महिने मिळणार. सव्वीस सोमवार-गुरुवार.

इथे मी थांबलो. नियम पाळण्याची एवढी ओढ मला पूर्वी कधी वाटली नव्हती, म्हणूनच मला नियमाचा संशय आला. एका म्हाताऱ्या माणसाचा शेवटचा ईस्टर विकून मी स्वतःसाठी वेळ घेणार होतो आणि त्या व्यवहारावर खात्याच्या नियमाचा शिक्का मारणार होतो. छताविषयी मला शंका नव्हती. आठ काचा छताला आठ वेगवेगळ्या ठिकाणी, मोठ्या शिडीशिवाय हात न पोहोचणाऱ्या. ती शिडी माझ्या कुलपात होती. छत सुरक्षित होते, हे मला माहीत होते.

मी लिहिले: ‘काच क्र. ९, पाहणीच्या वेळी माझ्या ओळंब्याचे वजन लागून भंग पावली. कारण ज्ञात. इतर नोंदी ग्राह्य.’ खाली सही केली. एकतीस वर्षांच्या नोकरीत वहीत लिहिलेले ते माझे एकमेव खोटे वाक्य.

सोमवारी शेवटची पाहणी झाली. मेढेकरसाहेब स्वतः जीपने आले, वही पाहिली, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. “पाच वर्षांत ओळंबा हातातून सुटला नाही तुमच्या, खरवंडीकर.”

“सुटला, साहेब.”

“मेमो घ्या,” ते म्हणाले आणि इमारत सुरक्षित असल्याच्या दाखल्यावर सही केली.

मी सज्जात गेलो. रिबका स्वरलिपीच्या वहीची पाने लावीत होती.

“दार उघडतंय,” मी म्हणालो. “गुरुवारी कलेक्टर कुलूप काढतील.”

तिचा हात थांबला. “आणि नऊ नंबर?”

“माझ्या ओळंब्यानं मोडली.”

“तुमच्या?”

“तसं लिहिलं.”

“तुम्ही खोटं लिहिलंत?” तिने हे इतक्या हळू विचारले की मला ते कौतुक वाटले.

“बाबांचा ईस्टर होता,” मी म्हणालो. आणि मग, मला चांगले वाटावे म्हणून की तिला, कुणास ठाऊक, मी पुढे म्हणालो, “ती काच कशानंही मोडली असो, तिला काही अर्थ नव्हता.”

मग तिने ऑर्गनचे झाकण लावले.

“बरं केलंत,” ती म्हणाली. “बाबांचा ईस्टर. हो. बरं केलंत.”

ईस्टरच्या पहाटे मी मंडळीच्या मागे, मेणबत्ती न घेता उभा राहिलो. पहिला ठोका पडला, दुसरा पडला. तिसऱ्याला तो प्रचंड दरवाजा आवाज न करता आत गेला आणि मधोमध लाल झग्यात ओहोळबाबा उभे होते, एवढेसे, ताठ. लोक गात आत शिरले. सव्वाशे मेणबत्त्यांचा उजेड खांबांवरून वर चढला आणि त्या दगडी छतापर्यंत पोहोचला. सज्जातून ऑर्गन दोन्ही हातांनी वाजत होता. मी छताकडे पाहत होतो. सवयीने भेगा शोधत होतो.

मंगळवारी सकाळच्या एस.टी.ने मी सावरगड सोडले. निरोप घ्यायला गेलो तेव्हा रिबका शाळेत गेली होती. ओहोळबाबांनी माझे दोन्ही हात धरले.

त्यानंतर १९७१च्या नोव्हेंबरमध्ये मी सावरगडला पुन्हा गेलो. माझे लग्न होऊन दीड वर्ष झाले होते. कुमुदच्या माहेरी निघालो होतो आणि खात्याची जीप त्याच रस्त्याने जाणार होती. मी तिला म्हणालो, “दहा मिनिटं. एक ओळखीचे म्हातारे गृहस्थ आहेत.” ती जीपमध्ये बसून राहिली.

ओहोळबाबा आता मिशनच्या आवारातल्या एका खोलीत राहत होते. दृष्टी अधू झाली होती. आवाजावरून त्यांनी मला ओळखले.

“ओव्हरसियरसाहेब! पेशंट ठणठणीत आहे तुमचा. परवाच्या पावसात थेंब गळला नाही.”

रिबका नागपूरला होती. एक मुलगी झाली होती. जावई सज्जन होता, पगार वेळेवर आणून देत होता. तिथल्या चर्चमध्येही ती वाजवीत होती, पण तिथे छोटी पेटी होती.

“तुम्ही गेलात अन् त्याच गुरुवारी पाहुणे आले,” ते म्हणाले. “आधी नको नको म्हणत व्हती. म्हणत व्हती, बाबा, त्यांना जुलैत बोलवा. जुलैत का, तर सांगेना. मग तुम्ही शेवटची काच बघून गेलात त्या दिवशी सांजच्याला घरी आली अन् म्हणाली, येऊ द्या त्यांना. लगेच येऊ द्या.”

मी हातातली टोपी गुडघ्यावर ठेवली.

“तुम्हाला ठाऊक नसंल,” ते म्हणाले. “मलाबी तिनं ईस्टरच्या दुपारी सांगितलं. मी झगा घडी करीत व्हतो. लई खुशीत व्हतो. ती आली अन् पायाशी बसली. म्हणाली, ‘बाबा, मला माफ करा, मी तुमचा ईस्टर मोडायला निघाले होते.’ मी म्हटलं, काय बोलतीस? तर म्हणाली, ‘सज्जातली काच मी मोडली. माझ्या किल्लीनं. तीच मोडली, कारण तिनं छताला काही होत नव्हतं. त्यांना तेवढं कळेल असं वाटलं होतं. त्यांना कळलं बहुतेक. त्यांनी तुमचा ईस्टर वाचवला.’”

बाहेर जीपमध्ये कुमुद चालकाशी काही बोलत होती. तिचा आवाज येत होता, शब्द येत नव्हते.

“तुम्ही काय म्हणालात तिला?” मी विचारले.

ओहोळबाबांनी दोन्ही तळहात गुडघ्यांवर पालथे घातले. त्यांचे डोळे माझ्या चेहऱ्यावर होते, पण थोडे बाजूला, जिथे त्यांना मी आहे असे वाटत होते.

“काय म्हणणार? म्हटलं, येडे, मोडायचास की. ईस्टर काय, दर साली येतो.”

मग ते भिंतीचा आधार घेत उठले आणि जीपमध्ये जे कोणी बसले आहे त्यांनाही चहाला आत बोलावण्यासाठी दाराकडे निघाले.